ज्युबिलीचे शिंग आणि यवतमाळची जमीन



ज्युबिली म्हटली की आपणांस शृंगारलेले देऊळ, बिशप महाशयांची मिस्सा, वाजतगाजत निघालेली मिरवणूक आणि जेवणाच्या पंगती आठवतात. ते योग्यच होय. आनंदाच्या दिवशी आनंद करावा. परंतु ज्या शब्दाने आपण ह्या उत्सवास ओळखतो त्याचे मूळ पाहू गेल्यास आपण थेट शेताच्या धुऱ्यावर जाऊन पोहोचतो. इब्री भाषेत 'योबेल' म्हणजे मेंढ्याचे शिंग. लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात परमेश्वराने मोशेला अशी आज्ञा दिली की, सात वेळा सात वर्षे लोटल्यावर पन्नासाव्या वर्षी, प्रायश्चित्ताच्या दिवशी, हे शिंग देशभर फुंकावे. आणि ते ऐकताच ज्याने कर्जापायी आपले वतन विकले असेल त्याचे वतन त्यास परत मिळावे, व जो दास झाला असेल त्याने आपल्या घरी जावे. ह्या आज्ञेचे कारणही तेथेच दिलेले आहे. जमीन देवाची आहे. मनुष्य तीवर केवळ उपरा व पाहुणा म्हणून राहतो. यास्तव ती कायमची विकता येत नाही.

ह्यातील हिशेबही लक्षात घेण्यासारखा आहे. जमिनीची किंमत ठरविताना पुढील योबेल वर्षाला किती पिके उरली ते मोजावयाचे. पिके पुष्कळ उरली असल्यास किंमत अधिक, थोडी उरली असल्यास कमी. म्हणजे विकत घेणारा जमीन घेत नसे, तो काही वर्षांची पिके घेत असे. मर्यादा संपली की त्याने आपला हक्क सोडावयाचा, आणि तोही तक्रार न करता. ज्युबिली म्हणजे मुळात हक्क सोडण्याचे वर्ष होय.

आपल्या महोत्सवाच्या निमित्ताने आम्ही ह्याच गोष्टीचा विचार योजिला आहे. आपला यवतमाळ जिल्हा कास्तकारांचा. पऱ्हाटी, तूर आणि ज्वारी ह्यांवर आपली घरे उभी राहिली व ह्यांच्याच अपयशाने कित्येक घरे मोडली. ह्या जमिनीवरील हक्क गेल्या पावणेदोनशे वर्षांत कोणी सोडला, कोणास दिला, आणि ते सोडणे खरे होते की नावाचे, ह्याची हकीकत आम्ही यथामती सांगणार आहोत. आमच्या मते हक्क तीन ठिकाणी सुटावा लागतो: प्रथम मनात, मग कागदावर आणि शेवटी वावरात. तिहींपैकी एका ठिकाणी जरी तो अडून राहिला, तरी त्यागाला पूर्णता येत नाही. पुढील प्रत्येक हकीकत वाचकांनी ह्या मापाने मोजून पाहावी.

पायतणाचा साक्षीदार

हक्क सोडण्याचा विधी किती जुना आहे हे रूथच्या पुस्तकात दिसते. नामी नावाच्या विधवेच्या घराण्याचे शेत सोडवून घेण्याचा पहिला अधिकार तिच्या एका जवळच्या आप्ताचा होता. बवाजाचा अधिकार त्याच्या मागून येत असे. बवाज गावच्या वेशीत बसला, त्याने दहा वडील मंडळी बोलाविली आणि सर्वांसमक्ष त्या आप्तास विचारले. शेत घ्यावयास तो प्रथम तयार झाला. परंतु शेताबरोबर रूथचाही स्वीकार केला पाहिजे असे कळताच त्याने नकार दिला, आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे आपल्या पायातील पायतण काढून बवाजाच्या हाती दिले. ज्या जमिनीवर ह्या पायतणाने चालण्याचा मला अधिकार होता तो आता तुझा, असाच त्या कृतीचा आशय म्हणावा लागेल. ह्याच घराण्यात पुढे दावीद राजा जन्मला आणि त्याच वंशात प्रभू येशू ख्रिस्त.

आज पायतणाची जागा कागदाने घेतली आहे. खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटणीपत्र, मृत्युपत्र आणि हक्कसोडपत्र ही नावे आपल्या गावातील निरक्षर म्हातारीलाही ठाऊक असतात. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्याने स्थावर मिळकतीच्या बक्षीसपत्रास दात्याची सही, दोन साक्षीदार आणि नोंदणी ही आवश्यक ठरविली. शिवाय घेणाऱ्याने ते दात्याच्या हयातीतच स्वीकारले पाहिजे. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावरावरील हक्क सोडावयाचा तर तो लेख दुय्यम निबंधकापुढे नोंदवावा लागतो. बवाजाची दहा वडील मंडळी आणि आजचे साक्षीदार ह्यांचे काम एकच: उद्या कोणी 'मी दिलेच नव्हते' अथवा 'मला ठाऊकच नव्हते' असे म्हणू नये.

रयतेस न विचारता झालेला करार

आपल्या जिल्ह्याच्या अर्वाचीन इतिहासाचा आरंभच एका मोठ्या हक्कसोडीने होतो. वऱ्हाड प्रांत हैदराबादच्या निजामाचा. निजामाच्या नावे ठेवलेल्या, परंतु इंग्रजांच्या हुकमतीखालील, कंटिंजंट फौजेचा खर्च थकला आणि कर्ज वाढत गेले. लॉर्ड डलहौसीच्या कारकिर्दीत २१ मे १८५३ रोजी नासिरुद्दौला निजामाकडून तह करून घेण्यात आला आणि वऱ्हाड, धाराशीव व रायचूर दुआब हे मुलूख फौजेच्या खर्चापोटी इंग्रजांच्या ताब्यात गेले. निजामाची ह्या तहास मनापासून संमती नव्हती. १८६० च्या तहाने पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले, धाराशीव व रायचूर परत मिळाले. वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिले. दिवाण सर सालारजंग ह्यांनी ते परत मिळविण्याची खटपट वर्षानुवर्षे केली, त्यासाठी १८७६ साली विलायतेचा प्रवासही केला. पण यश आले नाही. शेवटी ५ नोव्हेंबर १९०२ रोजी लॉर्ड कर्झनच्या वेळी वऱ्हाड साली पंचवीस लाख रुपयांच्या बदल्यात इंग्रजांस कायमच्या पट्ट्याने देण्यात आले आणि पुढील वर्षी ते मध्यप्रांतास जोडले गेले.

तरीही हक्क संपला नाही. १९३६ च्या करारात निजामाचे वऱ्हाडावरील नाममात्र स्वामित्व पुन्हा मान्य करण्यात आले आणि त्याच्या युवराजास 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी लाभली. राज्य एकाचे, कारभार दुसऱ्याचा, असा हा व्यवहार १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात सामील होईपर्यंत कागदोपत्री चालू होता. पुढे २६ जानेवारी १९५० पासून प्रजासत्ताकाच्या घटनेखाली वऱ्हाड मध्यप्रदेशाचा भाग झाले.

ह्या हकीकतीस आमचे माप लावून पाहा. १८५३ मध्ये कागदावर सही झाली आणि मुलूखही हातचा गेला. परंतु मनाने हक्क सुटला नाही, म्हणून जवळजवळ शतकभर तो वाद धुमसत राहिला. आणि ज्याच्या नांगराखाली ती जमीन होती त्या वणी, दारव्हा वा केळापूरच्या कुणब्यास ह्यातील कोणत्याही तहात कोणी एका शब्दाने विचारले नाही. त्याच्या दृष्टीने सारा घेणारा हात तेवढा बदलला.

इजारा

इंग्रजी अंमलात आपला जिल्हा प्रथम वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. १९०५ साली त्यास यवतमाळ हे नाव मिळाले आणि वाशीम जिल्हा मोडून पुसद तालुका इकडे जोडला गेला. मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी होऊन रयतवारी पद्धत लागू झाली. प्रत्येक खातेदाराचा हक्क वंशपरंपरेचा ठरला. तसाच तो विकण्याजोगा व गहाण टाकण्याजोगाही ठरला. ह्यातील दुसऱ्या भागाचे फळ लवकरच दिसू लागले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ ह्या काळात वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, जमिनीची किंमत चढली, सावकार कर्ज देण्यास सरसावला. आणि भाव उतरताच अनेकांची वावरे सावकाराच्या खात्यावर चढली. जो हक्क विकता येतो तो गमावताही येतो, हा धडा रयतेने तेव्हा घेतला.

आपल्या जिल्ह्यात त्या काळी ओसाड गावे पुष्कळ होती. ती पुन्हा वसावीत म्हणून १८६५ च्या पडीत जमिनींच्या नियमांन्वये संपूर्ण गावे दीर्घ मुदतीच्या इजाऱ्याने देण्यात आली. जिल्ह्यातील ज्या गावांच्या नावापुढे आजही 'इजारा' हा शब्द लागतो, त्यांनी त्या व्यवहाराची आठवण जपली आहे. इजारदाराने माणसे आणून वस्ती करावी, जंगल तोडून काळी जमीन नांगराखाली आणावी. मोबदल्यात गावावर त्याचा अधिकार चालावा. काहींनी हे काम चोख केले. परंतु कसणारा एक आणि मालक दुसरा ही रीत त्यातून रुजली.

ही रीत कायद्याने मोडली. मध्यप्रदेश सरकारने मालगुजारी, इजारा इत्यादी मालकी हक्क नष्ट करण्याचा कायदा १९५० साली केला आणि ३१ मार्च १९५१ रोजी हे हक्क सरकारात जमा झाले. येथे हक्क कागदावर सुटला व गावातूनही सुटला. ज्यांचा गेला त्यांच्या मनातून तो सुटला की नाही हे कायदा विचारीत नसतो. कायद्याची मर्यादा तीच, आणि कायद्याचे बळही तेच.

पवनारहून निघालेला पाहुणा

नेमक्या त्याच दिवसांत आपल्या शेजारून एक माणूस पायी दक्षिणेकडे निघाला होता. वर्धा नदीपलीकडे, धाम नदीच्या काठी पवनार येथे आचार्य विनोबा भावे ह्यांचा आश्रम. १९५१ च्या मार्चमध्ये ते हैदराबादजवळील शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनास पायी गेले आणि तेथून तेलंगणात उतरले. त्या भागात जमिनीसाठी रक्त सांडत होते. १८ एप्रिल १९५१ रोजी नलगोंडा जिल्ह्यातील पोचमपल्ली गावी चाळीस हरिजन कुटुंबांनी त्यांच्यापाशी ऐंशी एकर जमीन मागितली. सरकारकडे अर्ज करण्याचा विचार विनोबांच्या मनात आला. परंतु त्यांनी आधी जमलेल्या गावकऱ्यांसच विचारले की, ह्यांस जमीन देणारा येथे कोणी आहे काय? तेव्हा रामचंद्र रेड्डी उभे राहिले आणि शंभर एकर देतो म्हणाले. भूदान चळवळ त्या संध्याकाळी जन्मली.

त्यापुढे विनोबा वर्षानुवर्षे चालत राहिले. तुम्हांस पाच मुलगे असतील तर मला सहावा माना व माझा वाटा द्या, असे त्यांचे मागणे असे. देशभरात सुमारे बेचाळीस लाख एकर जमीन दानपत्रांवर लिहिली गेली. आपल्या प्रदेशासाठी १९५३ साली मध्यप्रदेश भूदान यज्ञ कायदा झाला. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला तरी येथील भूदानाचा कारभार त्याच कायद्याच्या आधारे चालत राहिला. दात्याने दानपत्र लिहावयाचे, महसूल अधिकाऱ्याने हरकती ऐकून ते मंजूर करावयाचे, जमीन मंडळाकडे यावयाची आणि मंडळाने ती भूमिहीनास कसण्यासाठी द्यावयाची, असा तो क्रम.

आम्हां ख्रिस्ती लोकांस ह्या चळवळीविषयी विशेष आपुलकी वाटावी असे एक कारण आहे. विनोबांनी नव्या कराराचा मनःपूर्वक अभ्यास करून 'ख्रिस्तधर्मसार' हे संकलन सिद्ध केले होते. प्रेषितांच्या कृत्यांत बर्णबाने आपले शेत विकून पैसा प्रेषितांच्या चरणी ठेवल्याची जी हकीकत आहे, तिचे प्रतिबिंब पोचमपल्लीत कोणास दिसले तर नवल नाही.

परंतु बर्णबाच्या हकीकतीस लागूनच हनन्या व सप्पीरा ह्यांची हकीकत येते, हे विसरून चालणार नाही. त्या जोडप्यानेही शेत विकले. पण किमतीतील काही भाग गुप्तपणे मागे ठेवून सर्व दिले असे भासविले. पेत्राने त्यांस काय सांगितले? शेत तुमचेच होते, पैसाही तुमच्याच ताब्यात होता. न देण्याचे स्वातंत्र्य तुम्हांस होतेच, खोटे का बोललात? भूदानाच्या इतिहासातही दोन्ही प्रकार आढळतात. कित्येकांनी आपल्या पोटची उत्तम जमीन दिली. कित्येकांनी बरड, माळ, जंगलातील किंवा वादातील जमीन लिहून दिली. काहींच्या बाबतीत ती देण्याचा त्यांस अधिकारच नव्हता. कोठे दानपत्र झाले पण फेरफार झाला नाही; कोठे सातबाऱ्यावर नाव चढले पण वावरात पाय ठेवू दिला नाही; आणि कोठे दात्याच्या पश्चात मुलांनी ते मानण्याचे नाकारले. देशभरातील दानाचा फार मोठा भाग ह्याच कारणांमुळे भूमिहीनांपर्यंत पोहोचला नाही. सभेत टाळ्या झाल्या त्या दिवशी मनाचा हक्क सुटला असेल. तलाठ्याच्या दप्तरात आणि धुऱ्यावर तो सुटावयाचा राहिला. आमची अशी समजूत आहे की, ह्यात विनोबांचा दोष थोडा आणि मागे राहिलेल्यांच्या आळसाचा दोष मोठा. दान देण्यास एक संध्याकाळ पुरते. ते पोहोचविण्यास वर्षे लागतात, आणि त्या कामास हार-तुरे मिळत नाहीत.

अंगठ्याचा ठसा

आता उलट बाजू पाहू. पवित्र शास्त्रात इज्रेलच्या नाबोथाची हकीकत आहे. अहाब राजास त्याचा द्राक्षमळा हवा होता. राजाने अधिक चांगला मळा देऊ केला, रोख किंमत देऊ केली; नाबोथाने वाडवडिलांचे वतन देण्याचे नाकारले. तेव्हा ईजबेल राणीने खोटे साक्षीदार उभे करून त्यास दगडमार करविला आणि मळा बळकाविला. परमेश्वराने एलीया संदेष्ट्यास पाठविले ते नाबोथाच्या बाजूने. ह्यावरून हे उघड होते की, हक्क सोडणे हा प्रत्येक वेळी धर्म नसतो. दुर्बळाने आपला हक्क धरून ठेवणे हाही कित्येक वेळा धर्मच होय.

आपल्या जिल्ह्यात गोंड, कोलाम, आंध, परधान हे बांधव पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. ह्यांच्या जमिनी कशा गेल्या हे वडीलधाऱ्यांस ठाऊक आहे. घरात आजार, लग्न वा उपासमार, दुकानदाराची उधारी, मग न वाचता येणाऱ्या कागदावर अंगठ्याचा ठसा, आणि मागाहून कळावयाचे की तो कर्जाचा कागद नव्हता, खरेदीखत होते. कागद पुरा, ताबाही पुरा. मात्र मन त्या व्यवहारात कधीच नव्हते.

महाराष्ट्र शासनाने १९७४ साली ह्यावर दोन उपाय योजिले. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जाण्यास जिल्हाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी सक्तीची करण्यात आली. आणि अनुसूचित जमातींना जमिनी परत करण्याच्या अधिनियमाने १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ ह्या काळात गेलेल्या जमिनी, स्वतः कसण्याची हमी घेऊन व ठरलेली रक्कम भरवून, मूळ आदिवासी धारकास परत देण्याची तजवीज केली. हा दुसरा कायदा वाचताना आम्हांस लेवीय पुस्तकाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. गेलेले वतन मूळच्या कुळाकडे परत जावे, हेच तर त्या शिंगाचे बोलणे होते. कायदा सर्वांपर्यंत पोहोचला असे म्हणवत नाही. तथापि विकलेली जमीन परत मागणे हा न्याय असू शकतो हे त्याने राज्यघटनेच्या काळात मान्य केले, ही गोष्ट लहान नव्हे.

बहिणीची सही

येथवर आम्ही राजे, इजारदार आणि सावकार ह्यांच्याविषयी बोललो. आता स्वतःच्या घरात शिरणे भाग आहे, आणि हा भाग लिहिताना आमची लेखणी थोडी अडखळते. कारण ह्यात आम्हीही निर्दोष नाही.

आपणां ख्रिस्ती लोकांस वारसाच्या बाबतीत १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे. मृत्युपत्र न करता पिता वारला व मागे पत्नी आणि मुले असली तर पत्नीस एकतृतीयांश आणि उरलेल्याचे मुलामुलींत सारखे वाटे, असा त्याचा नियम. मुलगा आणि मुलगी ह्यांत त्याने भेद केलेला नाही. केरळात त्रावणकोरच्या जुन्या कायद्याने ख्रिस्ती मुलींना अल्पसा वाटा मिळे. मेरी रॉय ह्या धैर्यशील स्त्रीने त्याविरुद्ध दाद मागितली आणि १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने तेथेही १९२५ चाच कायदा लागू असल्याचा निर्णय दिला. आपल्याकडे तर हा वाद कधी नव्हताच. कायदा आपल्या बाजूस प्रथमपासून सरळ आहे. वाकडी आहे ती रूढी.

ही रूढी सर्वांच्या परिचयाची आहे. वडील देवाघरी जातात. चाळिसाव्या दिवसाची मिस्सा होते. बहिणी माहेरी आलेल्याच असतात, म्हणून त्याच मुक्कामात भाऊ तालुक्याला नेतो आणि हक्कसोडपत्रावर सह्या घेतो. कोणी रागावत नाही, कोणी धमकी देत नाही. 'तुझ्या लग्नात खर्च झालाच आहे,' एवढे एक वाक्य पुरते. आणि जे बोलले जात नाही ते असे की, सही न केल्यास माहेरचे दार बंद होईल. बहीण सही करते. कागद शुद्ध असतो. तिच्या मनाचे काय झाले हे दुय्यम निबंधक विचारीत नाहीत आणि आपणही विचारीत नाही.

बहिणीने भावास हक्क देऊच नये असे आमचे म्हणणे नाही. भाऊ गरीब असेल, आईवडिलांस त्याने सांभाळले असेल, बहीण सुखवस्तू असेल, आणि तिने प्रेमाने वाटा सोडला, तर त्या घरावर आशीर्वादच उतरेल. परंतु प्रेमाने दिलेले आणि लाजेने सुटलेले ह्यांत मोठे अंतर आहे. दबावाने मिळविलेली संमती रद्द होऊ शकते असे १८७२ चा करार कायदा म्हणतो. आणि वडील हयात असता मुलीस केवळ वारसाची आशा असते, ती आशा हस्तांतरित करता येत नाही, असे १८८२ च्या कायद्याचे सहावे कलम सांगते. म्हणून वडिलांच्या डोळ्यांदेखत मुलींकडून 'आम्हांस काही नको' असे लिहून घेण्याची काही घरांतील रीत कायद्याच्याही दृष्टीने पोकळ आहे.

गणना पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात सलाफहादाच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का व तिरसा, मोशेपुढे आणि सर्व मंडळीपुढे उभ्या राहिल्या. आमच्या बापास मुलगा नव्हता म्हणून त्याचे नाव कुळातून का पुसावे, आम्हांस वतन द्या, असे त्या म्हणाल्या. मोशेने ते प्रकरण परमेश्वरापुढे नेले, आणि ह्या मुलींचे म्हणणे रास्त आहे असाच निर्णय मिळाला. आपल्या मुलींची नावे आपण मोठ्या हौसेने बायबलातून ठेवतो. ही पाच नावेही त्यांस शिकवावीत.

विधवांविषयीही दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. कर्जाने व नापिकीने खचलेल्या कास्तकारांच्या आत्महत्यांमुळे आपल्या जिल्ह्याचे नाव देशभर दुःखाने घेतले गेले. अशा घरात मागे राहिलेल्या बाईचे नाव सातबाऱ्यावर नसेल तर पीककर्ज, भरपाई, विमा ह्या प्रत्येक दारात तिला अडावे लागते. दिराने वा सासऱ्याने तिचे नाव चढवू दिले, तर त्यात त्यांचे जाते फार थोडे. तिचे मात्र सर्व आयुष्य उभे राहते.

ख्रिस्तसभेचे उदाहरण

हे सर्व लोकांस सांगताना ख्रिस्तसभा स्वतः काय करते, असा प्रश्न कोणी विचारील, आणि तो विचारावाच. तेराव्या शतकाच्या आरंभी असिसीचा तरुण फ्रान्सिस ह्यास त्याचा बाप पेत्रो बर्नार्दोने ह्याने बिशपापुढे उभे केले आणि वारसा सोडण्याचे फर्माविले. फ्रान्सिसने पैसा तर परत केलाच, अंगावरील वस्त्रेही उतरवून बापाच्या पायांशी ठेवली. बिशप ग्विदो ह्यांनी त्यास आपल्या झग्याखाली घेतले. त्या दिवशी त्याने सोडलेला हक्क त्याने पुन्हा कधी मागितला नाही, म्हणून आठशे वर्षांनंतरही त्या त्यागाची आठवण ताजी आहे.

आजच्या धर्मसभा-कायद्यानेही, म्हणजे १९८३ च्या संहितेने, हीच सावधगिरी पाळली आहे. व्रतस्थाने पहिले व्रत घेण्यापूर्वी आपल्या मिळकतीचा कारभार दुसऱ्याच्या हाती द्यावा; आजन्म व्रतापूर्वी मृत्युपत्र करावे; आणि जेथे मिळकतीचा संपूर्ण त्याग करावयाचा तेथे तो देशाच्या कायद्यासही मान्य होईल अशा रीतीने करावा, असे ६६८ वे कलम सांगते. म्हणजे देवाला दिलेला शब्दही ख्रिस्तसभा कागदावाचून अर्धाच समजते. दात्यांच्या इच्छा काटेकोरपणे पाळाव्यात, असे तीच संहिता दुसऱ्या ठिकाणी बजावते. गरिबांच्या शाळेसाठी मिळालेली जमीन गरिबांच्याच कामी यावी, ही जबाबदारी आपल्या धर्मग्रामावरही येते.

धर्मप्रांतांच्या सीमांतही हाच धडा दिसतो. पोप तेरावे लिओ ह्यांच्या काळी १८८७ साली नागपूर धर्मप्रांत स्थापन झाला. ह्याच पोपमहाशयांनी १८९१ साली 'रेरुम नोवारुम' हे परिपत्रक काढून, मालकीचा हक्क न्याय्य असला तरी तिचा उपयोग गरजवंतांसही व्हावा, ही शिकवण जगापुढे ठेविली. १९५५ साली अमरावती धर्मप्रांत झाला व यवतमाळ त्यात आले. आणि १९७७ साली अमरावतीने आपला मोठा भाग सोडून औरंगाबाद धर्मप्रांत उभा राहू दिला. थोरले घर लहान झाले म्हणून धाकटे घर वसले.

समारोप

असो. विस्तार बराच झाला. वाचकहो, ज्युबिलीच्या वर्षी आपण देवळास रंग दिला, घंटा उजळली. आता घरोघरच्या पेटीतील कागदही एकदा उन्हात काढावेत, अशी आमची नम्र विनंती आहे. त्यात कोणाचे नाव गळले आहे ते पाहावे. बहिणीने कोणत्या मनाने सही केली हे तिला आता तरी विचारावे. आणि तिचे उत्तर ऐकण्याची तयारी नसेल तर आपल्या मनासच विचारावे. विधवा भावजयीचे नाव चढवावयाचे राहिले असेल तर तलाठ्याकडे तिच्यासोबत स्वतः जावे. कोण्या पूर्वजाने भूदानात वा देवळास काही लिहून दिले असेल आणि ते अद्याप आपल्याच नांगराखाली असेल, तर त्याचा निकाल ह्या वर्षी लावावा. आणि ज्या दुबळ्या बांधवाचा धुरा दरसाल हातभर सरकत आला आहे, त्याचा धुरा परत सरकवावा. त्यास मोजणीदाराचीही गरज नाही, कारण तो कोठे होता हे आपणांस पुरते ठाऊक असते.

मेंढ्याचे शिंग आपल्या देवळात नाही. परंतु रविवारी सकाळी जी घंटा वाजते ती शेतापर्यंत ऐकू जाते. ती ऐकून एका घरी जरी एका बहिणीस तिचा वाटा मिळाला, तरी आपली ज्युबिली शास्त्रात सांगितलेली ज्युबिली झाली असे आम्ही समजू. ज्याने देव असूनही आपले वैभव सोडून दासाचे रूप घेतले, तो प्रभू येशू ख्रिस्त आपणां सर्वांस तेवढे बळ देवो.